चाल पारंपरिक, वादक बेनाम

कुला शेकर हा इंग्लंडमधला सायकेडेलिक रॉक बँड. १९९६ साली त्यांचं ‘गोविंदा’ हे संस्कृत शब्दांचं गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहा गाण्यांत जाऊन बसलं, आणि तेव्हापासून त्यांच्या चाहत्यांत एकच भांडण चालू आहे. एक गट म्हणतो, गोऱ्या पोरांनी तंबोरा, तबला आणि उदबत्तीचा धूर पुडीत बांधून विकला. पहिला अल्बम ‘के’ गिटारसाठी ऐकावा आणि हरिनाम सुरू झालं की गाणं पुढे ढकलावं. दुसरा गट म्हणतो, गायक क्रिस्पियन मिल्स भारतात फिरलाय, त्याची भक्ती मनापासूनची आहे, म्हणून गाणीही अस्सल आहेत. १९९७मध्ये मिल्स स्वस्तिकाबद्दल बेफिकीर बोलला आणि त्याला माफी मागावी लागली. पहिल्या गटाला त्याचा दारूगोळा अजून पुरतोय.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात आमच्या मजल्यावर हे दोन्ही गट होते. मी दोन्हींकडून भांडून पाहिलंय. आता मला वाटतं की दोघंही एकाच चुकीच्या प्रश्नाला उत्तर देतात. प्रश्न असा: हे संगीत किती टक्के भारतीय?

मी नवापूरचा. आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूंना राज्यांची नावं लिहिली आहेत. लोक दोन राज्यांत एक एक मांडी ठेवून फोटो काढतात. घोषणा चार भाषांत होतात. स्टेशन आधी बांधलं गेलं, रेघ १९६० साली आली. घरी मावची, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती बोलत वाढलेल्या मुलाला ‘किती टक्के’ हा प्रश्न विचारणाऱ्याचं हसू येतं.

ज्या ‘चुरा लिया’चं नाव कुला शेकरच्या २०२४च्या ‘नॅचरल मॅजिक’ अल्बममधल्या एका गाण्याला आहे, तेच मूळ गाणं घ्या. १९७३चा ‘यादों की बारात’, संगीत राहुलदेव बर्मन, आवाज आशा भोसले आणि मोहम्मद रफी. त्याच्या सुरुवातीची चाल १९६९च्या एका इंग्रजी चित्रपटाच्या गाण्याशी मिळते, हे जाणकार कधीपासून सांगत आलेत. बर्मन बंगाली. आशाबाई मराठी, आणि त्यांच्या आई आमच्या खानदेशातल्या थाळनेरच्या, गुजराती घरातल्या. यातलं अस्सल वेगळं काढून दाखवा. हे गाणं इंग्लंडला गेलं म्हणून त्याची शुद्धता बिघडली म्हणणाऱ्याने ती आधी कुठे होती तेही सांगावं.

मग कुणीही काहीही उचलावं का? नाही. इथेच माझं भक्त गटाशी फाटतं.

माझा मावसभाऊ लग्नात वाजवणाऱ्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. गाडीवर स्पीकरची भिंत, पुढे हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांच्या रांगा, आणि रोडालीची एकच चाल गोल गोल फिरत रात्रभर. (सायकेडेलिक म्हणजे याहून वेगळं काय असतं, हे मला हॉस्टेलात कुणी समजावू शकलं नव्हतं.) २०१९च्या लग्नसराईत त्याने एक चाल बसवली. पावरीचा आवाज जवळ यावा म्हणून कीबोर्डवरचा एक सूर त्याने आठवडाभर घासला. ती चाल दोन तालुक्यांत गाजली. पुढल्या वर्षी ती एका चकचकीत व्हिडिओत ऐकू आली. खाली लिहिलं होतं: ‘पारंपरिक आदिवासी धून’.

त्याच सुमारास मी पुण्यात एका मित्राला भावाच्या बँडचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मित्र जाणकार, कुला शेकरविरोधी गटातला. तो म्हणाला, ‘‘छान आहे रे, पण हे खरं आदिवासी संगीत नाही ना. कीबोर्ड आहे.’’

म्हणजे बघा. हिणवायचं असतं तेव्हा आमची चाल पुरेशी शुद्ध नसते. उचलायची असते तेव्हा तीच चाल इतकी शुद्ध होते की तिला कर्ताच उरत नाही. अस्सलपणाच्या प्रश्नाला ही दोन टोकं आहेत, आणि दोन्हींकडून मार वाजवणाऱ्यालाच बसतो.

म्हणून प्रश्न बदला. कोणी वाजवलं? नाव कुठे आहे? पैसे कोणाला गेले?

या प्रश्नांनी जुना वाद लगेच वेगळा दिसतो. १९६६ साली बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’ गाण्यावर तबला आहे, आणि वेष्टणावर तबलजीचं नाव छापलं आहे: अनिल भागवत. दुसऱ्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’ आला. त्यातल्या ‘विदिन यू विदाउट यू’ गाण्याचा सगळा डोलारा भारतीय वादकांवर उभा आहे, पण वेष्टणावर त्यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. त्याच गाण्यातल्या इंग्रज व्हायोलिनवाल्यांचीही नावं नव्हती, हे खरं. पण त्यांच्या वाजवण्याला कुणी ‘पूर्वेचा गूढ नाद’ म्हणून निनावी केलं नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, नटवर सोनी, बुद्धदेव कंसारा ही नावं जगासमोर यायला पन्नास वर्षं लागली. नवापूरच्या फलाटावर हाका माराव्यात अशी ही नावं. त्या पन्नास वर्षांत हॅरिसनचं भारतप्रेम खरं की खोटं यावर किती शाई सांडली असेल! प्रेम खरंच होतं. नावं तरीही नव्हती.

यावर एक आक्षेप येईल: भजन, मंत्र, लोकगीत यांना मालक नसतो, ते सगळ्यांचं असतं. मान्य. ‘गोविंदा’चे शब्द कुणाच्या बापाचे नाहीत, ते मिल्सने खुशाल गावेत. पण शब्द सगळ्यांचे असले तरी त्या दिवशी स्टुडिओत बसलेला तबलजी सगळ्यांचा नसतो. त्याला घरभाडं असतं. परंपरा म्हणजे ज्यांची नावं आता सापडत नाहीत अशा लोकांचं काम. ज्याचा मोबाइल नंबर सापडतो त्याला परंपरेत ढकलणं ही सोय आहे, आदर नव्हे.

माझ्या धंद्यात हा प्रश्न केव्हाच सुटलाय. मी रोज दुसऱ्यांनी लिहिलेला कोड फुकट वापरतो. एमआयटी लायसन्स म्हणतं: घ्या, मोडा, बदला, विका, फक्त मूळ लेखकाची सूचना काढू नका. अस्सलपणाची परीक्षा कुणी घेत नाही, पण नाव पुसलं तर ती चोरी. संगीतात आपण नेमकं उलटं करतो. घेणाऱ्याच्या भक्तीची चौकशी करतो आणि पुसलेल्या नावाकडे बघतही नाही.

भाऊही हिंदी चाली उचलतो. त्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला, ‘‘दादा, मी माइकवर पिक्चरचं नाव सांगतो. संगीतकाराचं माहीत नसतं.’’ आता तो मला विचारतो, मी शोधून सांगतो. लग्नात कुणी ऐकत नाही, तरी तो बोलतो.

तेव्हा कुला शेकरच्या दोन्ही गटांना माझं सांगणं एवढंच: पुढचा अल्बम आला की सतार खरी की सॅम्पल यावर रात्र जाळण्याआधी वादकांची यादी उघडा. नावं असतील तर खुशाल नाचा. नसतील तर तिथून भांडण सुरू करा, मी तुमच्या बाजूने आहे. आणि माझ्या पुण्याच्या मित्राला एक जास्तीची विनंती: तो व्हिडिओ तुझ्या प्लेलिस्टमध्ये आहे, मी पाहिलाय. कीबोर्ड तोच आहे.