येणाऱ्याला हवं ते आधी
ब्रिटनमध्ये पुढची सरकारी सुट्टी कधी आहे हे पाहायला ‘गव्ह डॉट यूके’ या सरकारी संकेतस्थळाचं पान उघडलं, की सगळ्यात वर ठळक अक्षरांत एकच तारीख दिसते. वर्षभराची यादीही आहे, पण तिच्या खाली. ही मांडणी मला मनापासून आवडते, कारण ती येणाऱ्याच्या जागी बसून केलेली आहे. हे संकेतस्थळ ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालं आणि हळूहळू खात्याखात्यांची वेगवेगळी संकेतस्थळं त्यात सामावली गेली. आपलं काम कोणत्या खात्याकडे आहे, हे आधी शोधत बसायची गरज उरली नाही. त्याहून मोलाची गोष्ट अगदी बारीक आहे. ऑनलाइन अर्जात आकड्यांसाठी खास चौकट वापरता येते. तीच घ्यावी, असं कुणालाही वाटेल. पण काही ब्राउझरमध्ये कर्सर त्या चौकटीत असताना माउसचं चाक फिरलं, तर भरलेला आकडाच बदलतो. पान खाली सरकवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. २०२० मध्ये या संकेतस्थळाच्या चमूने साधी मजकुराची चौकट स्वीकारली, मोबाइलवर मात्र आकड्यांचाच कीपॅड उघडेल अशी सोय ठेवली. असले दोष बैठकीत सापडत नाहीत. कुणाला तरी अर्ज भरायला देऊन शेजारी गप्प बसावं लागतं. आपल्याकडे सातबारा किंवा उत्पन्नाच्या दाखल्याचं पान बनवतानाही अशीच चाचणी व्हायला हवी, आणि ती स्वस्तातल्या फोनवर, रेंज जेमतेम मिळते अशा गावात.