टीक फिनिश

परवा एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. घर बघून झालं, बाल्कनीतून दिसणाऱ्या टेकडीचं कौतुक झालं, मग सगळे डायनिंग टेबलाशी बसलो. टेबल खरंच देखणं होतं. मित्र म्हणाला, "सागवानी आहे." वहिनींनी आतून लगेच दुरुस्ती केली, "सागवानी नाही रे, टीक फिनिश."

आता टीक फिनिश म्हणजे नेमकं काय? माझ्या मते सरळ अर्थ असा, की टीक सोडून दुसरं काहीही :) टीक असतं तर फिनिश कशाला म्हटलं असतं? तसंच वॉलनट फिनिश म्हणजे अक्रोड सोडून काहीही आणि हनी फिनिशमध्ये मध नसतो एवढं तर सगळ्यांना कळतं. मी तिथे काही बोललो नाही. यजमानांच्या टेबलावर जेवून त्याच टेबलाची जात काढणं बरं दिसत नाही. पण गेले चार वीकएंड मी स्वतः एका जुन्या टेबलाशी झटापट करत होतो आणि त्यातून या विषयावर माझं एक ठाम मत तयार झालंय. ते असं की लाकडावर रंग फासणं हे पाप नाही. लाकडाला दुसऱ्याच लाकडाचं नाव देणं हे मात्र पापाच्या बरंच जवळ जातं.

आता टेबलाची गोष्ट.

शनिवार पेठेतला एक वाडा रीडेव्हलपमेंटला गेला. तिथल्या एक आजी मुलाकडे राहायला जाणार होत्या आणि फ्लॅटमध्ये मावणार नाही ते सामान विकायला काढलं होतं. ओळखीतून कळलं म्हणून गेलो. चार फूट बाय अडीच फुटांचं टेबल, एक खण, रंग जवळजवळ काळा. वर कपांचे पांढरे गोल डाग, एका कोपऱ्यात निळी शाई. आजी म्हणाल्या, "आमच्या मामंजींचं आहे. त्यावर दोन पिढ्या शिकल्या. अस्सल सागवानी हो!" साडेचार हजारांत सौदा झाला. निघताना त्यांनी एकच अट घातली, "नीट करशील तेव्हा मुलाच्या मोबाइलवर फोटो पाठव. मला बघायचंय."

पहिला प्रश्न, यावर आधीचं पॉलिश कोणतं आहे? हे समजल्याशिवाय हात लावू नये. याची चाचणी सोपी आहे. टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावायचं. पॉलिश चिकट होऊन सुटायला लागलं तर ते लाखेचं, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं जुन्या पद्धतीचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही, पण लॅकर थिनरने सुटलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा पीयू किंवा मेलामाइन. माझं टेबल लाखेचं निघालं. पांढऱ्या गोल डागांचं कोडंही तिथेच सुटलं. लाखेला गरम कप आणि ओलावा दोन्ही सोसत नाहीत.

स्पिरिट, जुनी बनियन आणि भरपूर घाम एवढ्या साहित्यावर पहिला वीकएंड गेला. मग पॉलिश पेपर. आधी १०० नंबर, मग १५०, शेवटी २२०. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. पेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवायचा. आडवा फिरवला तर त्या क्षणी काही दिसत नाही, पण नंतर स्टेन लावला की तो नेमका त्या ओरखड्यांत जाऊन बसतो आणि मांजराने नखं घासल्यासारखं दिसतं. (हे मला कसं माहीत ते विचारू नका.) आणि तोंडाला चांगला मास्क हवाच. लाकडाची बारीक धूळ हा कॅन्सरला कारणीभूत ठरणारा पदार्थ आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केलंय. आपण चार वीकएंड हा उद्योग करतो, पण पॉलिशवाले आयुष्यभर तोंडाला फक्त रुमाल बांधून तेच करतात. भाव करताना हे एकदा आठवावं.

तर वरचा काळा थर गेला आणि खालून सोनेरी तपकिरी लाकूड बाहेर आलं. मध्ये गडद रेषा, हाताला किंचित तेलकट, कातड्यासारखा तो ओळखीचा वास. अस्सल साग! मी बायकोला हाका मारून बोलावलं, बाबांना फोटो पाठवला. वीस मिनिटं मी जगातला सगळ्यात हुशार ग्राहक होतो.

मग पायांना पेपर मारायला घेतला.

पाय सागाचे नव्हतेच. खालची चौकटही नव्हती. काळ्या थराखाली फिकट पिवळसर, हलकं, ठिकठिकाणी गाठी असलेलं लाकूड. नख दाबलं तर खूण उठत होती. खोक्यांना वापरतात तसलं. म्हणजे कधीतरी कोणीतरी पाय बदलले होते आणि सगळं एकसारखं दिसावं म्हणून वरपासून खालपर्यंत गडद स्टेन मारला होता. इतका गडद, की त्यात सागही दिसू नये.

मला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. पैशांचं फार नाही, त्या किमतीत नुसत्या वरच्या फळ्यासुद्धा मिळाल्या नसत्या. पण "अस्सल सागवानी" हे शब्द टोचत राहिले. आणि आता तो फोटो पाठवायचा होता. काय लिहू? "आजी, तुमच्या मामंजींच्या टेबलाचे पाय खोक्याचे निघाले"?

ओळखीचे एक पॉलिशवाले मिस्त्री येऊन बघून गेले. म्हणाले, "साहेब, वॉलनट मारून देतो सगळ्याला. ब्रह्मदेवाला कळणार नाही." बाबांना फोनवर सांगितलं की मी पायांना सरळ रंग द्यायचा म्हणतोय, तर ते उसळले, "लाकडाला ऑइलपेंट? अरे, रंग लोखंडी पलंगाला देतात!" गंमत म्हणजे आमच्या लहानपणी घरातल्या लाकडी कपाटाला दर दोन-तीन वर्षांनी चॉकलेटी ऑइलपेंट बाबाच द्यायचे. (जाता जाता, असं जुनं रंगवलेलं कपाट तुमच्याकडे असेल तर त्याला कोरडा पेपर मारून धूळ उडवू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी आली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल सांगता येत नाही. घरात लहान मूल असेल तर हा खेळ नकोच.)

पण बाबांच्या बोलण्यात आपल्या सगळ्यांचा एक समज आहे. लाकूड दिसलं की खानदानी, रंगवलं की हलकं. मला हे पटत नाही. सावंतवाडीचे रंगवलेले पाट आणि चौरंग आपण कौतुकाने घरी आणतोच की! तिथे लाकूड कोणतं, हे कोणी विचारत नाही आणि कोणी लपवतही नाही. रंग उघडपणे सांगतो, "मी रंग आहे, माझ्याखाली काहीही असू शकेल." स्टेन मात्र लाकडाच्या तोंडून बोलतो. तो म्हणतो, "मी साग आहे." आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तो रिकामा कॅच ब्लॉक आहे. एरर गेलेली नसते, नुसती दिसत नाही.

आणि यात त्या साध्या लाकडावरही अन्याय होतो. रबरवुडचंच घ्या. रबराच्या झाडाचा चीक पंचवीस-तीस वर्षांनी कमी होतो, मग झाड तोडतात. पूर्वी ते लाकूड बहुतेक सरपणात जायचं. आता त्याचं फर्निचर होतं ही किती चांगली गोष्ट आहे! फिकट, एकसारखं, बऱ्यापैकी टणक लाकूड. पण दुकानात त्याला स्वतःच्या नावाने उभं राहू देत नाहीत. त्याला टीकचा नाही तर वॉलनटचा मुखवटा घालावा लागतो, कारण आपल्याला तोच हवा असतो. दुकानदाराला शिव्या देणं सोपं आहे, पण मुखवटा मागणारे आपणच.

तर मी ठरवलं की पाय रंगवायचे. त्यातही घाई चालत नाही. जुना गडद स्टेन लाकडात मुरलेला असतो, तो नव्या रंगातून पिवळट तपकिरी होऊन वर येतो. म्हणून आधी लाखेचा एक पातळ हात दिला. मग अस्तर, भोकांत आणि गाठींवर लांबी, पुन्हा २२० चा पेपर, आणि मग बाटलीच्या हिरव्या रंगाचे दोन हात. वरच्या फळ्या थिनरने पुसून घेतल्या, कारण सागातलं तेल वर राहिलं तर फिनिश नीट धरत नाही. त्यावर मॅट पीयूचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर ३२० चा हलका पेपर. शाईचा डाग पूर्ण गेला नाही. मीही फार मागे लागलो नाही.

आता एक कबुली. वरच्या एका फळीच्या कडेला सालीलगतच्या लाकडाची फिकट पट्टी होती, बोटभर रुंद. ती डोळ्यांत खुपत होती. तिथे मी बारीक ब्रशने थोडा टीक स्टेन लावलाच! मग माझं तत्त्व कुठे गेलं? यावर विचार करून मी एक नियम बनवला. त्याच लाकडाचे दोन रंग जुळवायला स्टेन वापरला तर ती रंगसंगती. एका लाकडाला दुसऱ्याचं नाव द्यायला वापरला तर ती थाप. नियम माझ्या सोयीचा आहे हे मान्य, पण मला तो पटतो.

शेवटी फोटो काढला. वर सोनेरी साग, खाली हिरवे पाय. आजींच्या मुलाला पाठवला आणि खाली धीर करून लिहिलं, "वरचं लाकूड अस्सल सागवान आहे. पाय दुसऱ्या लाकडाचे निघाले, म्हणून रंगवले."

दहा मिनिटांत फोन आला. खुद्द आजी. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर त्या म्हणाल्या, "अरे, पाय बदललेले मला माहीत आहेत. पानशेतचं टेबल ते."

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजी त्या घरात लग्न होऊन आल्या त्या नंतर सात वर्षांनी, पण गोष्ट घरात शंभरदा ऐकलेली. पाणी ओसरल्यावर मामंजींना अंगणातल्या चिखलात टेबलाच्या वरच्या फळ्या सापडल्या, पाय नाही. तेव्हा सांधे सरसाने चिकटवायचे आणि सरस पाण्यात सुटतो. साग जसाच्या तसा राहिला, सांधे सुटले आणि पाय वाहून गेले. घरात नवं लाकूड घ्यायला पैसे नव्हते. मिळेल त्या लाकडाचे पाय करून घेतले आणि सगळ्यावर काळं पॉलिश मारलं. "मुलांना अभ्यासाला टेबल हवं होतं ना! आणि आल्यागेल्यासमोर ते खोक्याचे पाय बरे दिसत नव्हते."

मी गप्पच झालो. ज्याला मी थाप म्हणत होतो, ती एका बुडालेल्या घराने पुन्हा उभं राहताना केलेली टापटीप होती. घरात सगळ्यांना खरं माहीत होतं, कोणाला काही विकायचं नव्हतं. म्हणजे माझ्या नियमाला एक पोटनियम जोडावा लागणार. लाज झाकायला वापरलेला स्टेन आणि किंमत वाढवायला वापरलेला स्टेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी मात्र डबा एकच म्हणून दोघांना एकाच मापाने मोजत होतो.

तरीही मूळ मत बदललेलं नाही. उलट जास्तच पक्कं झालंय. ते पाय पुन्हा वॉलनटने झाकले असते तर मी ती ओळ लिहिली नसती, फोन आला नसता आणि पानशेतची गोष्ट आजींबरोबरच राहिली असती. हिरवे पाय बघून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे असं का?" आणि मला सांगता येतं.

म्हणून जुनं टेबल घेतलंत तर जरूर हात घालून बघा. पॉलिश काढा, खाली काय आहे ते बघा आणि जे निघेल ते मान्य करा. साग निघाला तर त्याला उघडं ठेवा, दुसरं काही निघालं तर आवडीचा रंग द्या. आणि दुकानात कोणी "टीक फिनिश" म्हणालं, तर एवढंच विचारा, "ते झालं हो, पण लाकूड कुठलं?"

बाबा पुढच्या महिन्यात राहायला येतायत. फोटो बघून म्हणाले, "ठीक आहे, पण हिरवा?" असो. चॉकलेटी न दिल्याबद्दल त्यांची माफी मागेन म्हणतो :)