एकच पुस्तक, पण शेवटपर्यंत

मुलुंडला आमच्या इमारतीत राहणारा डिप्लोमाचा एक मुलगा परवा माझ्याकडे रास्पबेरी पाय घेऊन आला. तळहाताएवढा हा संगणक घरच्या टीव्हीला जोडला की चालतो. सोबत फुटपाथवरून घेतलेले जुने पुस्तक होते. त्यात दिलेले ‘पाय’ हे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड काही केल्या चालेना. “भाई, माझ्याने नाही होणार,” तो म्हणाला.

चूक त्याची नव्हती. तो ठरलेला पासवर्ड एप्रिल २०२२ मध्येच बंद झाला. आता नाव आणि पासवर्ड सुरुवातीला आपणच ठरवायचा असतो.

एवढ्याशा ठेचेने आपली मुले ‘हे आपले काम नाही’ म्हणून थांबतात, नाहीतर घरच्या बचतीतून क्लासची फी भरतात. दोन्ही टाळता येते.

यंत्राची माहिती देणारे पुस्तक ताजे हवे. प्रणालीचे नाव ‘रास्पबियन’ असे दिले असेल, तर पुस्तक बहुधा २०२० च्या आधीचे. पण लिनक्सचा पाया इतक्या लवकर जुना होत नाही. फाइली, परवानग्या, शेल हे सगळे विल्यम शॉट्स यांच्या ‘द लिनक्स कमांड लाइन’मध्ये नीट समजावले आहे. पाचशेहून अधिक पानांच्या या पुस्तकाची पीडीएफ लेखकानेच मोफत दिली आहे. ती वाटता येते, विकता येत नाही. म्हणजे चोरीची प्रत शोधण्याची गरजच नाही. पायची प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे, म्हणून त्यानंतर ‘द डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक’ वाचा. तेही मोफत आहे. इंग्रजी जड जात असेल, तर आपल्या शेजारच्या पवईतून, आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने लिनक्सचे धडे मराठीतही दिले आहेत.

मात्र फुकट मिळतात म्हणून दहा पुस्तके साठवू नका. एकच घ्या आणि प्रत्येक कमांड स्वतः टाइप करा. काही बिघडले तर मेमरी कार्डवर प्रणाली पुन्हा टाकता येते, हाच या छोट्या संगणकाचा मोठा फायदा.

आपल्या मोहल्ल्यांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची गाईडे असतात. त्याच कपाटाशेजारी एक पाय, जुना टीव्ही आणि या पुस्तकाची छापील प्रत ठेवायला किती खर्च येईल? ज्या बहिणींना घरी लॅपटॉप मिळत नाही, त्यांच्यासाठीही तिथे रोज ठरावीक वेळ राखून ठेवू या.

तो मुलगा आता शॉट्सच्या चौथ्या प्रकरणावर आहे. क्लास त्याने लावलेला नाही.