विकासदर २०.१ टक्के, मग २०२१ मध्ये धंदा मंद का होता?

एप्रिल-जून २०२१ या तिमाहीत देशाचा जीडीपी २०.१ टक्क्यांनी वाढला. ही वाढ कशाच्या तुलनेत आहे, ते आधी पाहा. स्थिर किमतींनुसार एप्रिल-जून तिमाहीचा जीडीपी असा होता:

• २०१९: ३५.६६ लाख कोटी रुपये
• २०२० (टाळेबंदी): २६.९५ लाख कोटी रुपये
• २०२१: ३२.३८ लाख कोटी रुपये

म्हणजेच अर्थव्यवस्था तेव्हा २०१९ च्या पातळीपेक्षा सुमारे ९ टक्के खाली होती. शेती टाळेबंदीतही वाढली; व्यापार, हॉटेल आणि वाहतूक हे क्षेत्र मात्र तेव्हा सुमारे ३० टक्के मागे होते.

पुढचा अंदाज काय होता?
रिझर्व्ह बँकेने २०२१-२२ साठी ९.५ टक्के वाढीचा अंदाज दिला होता. २०२१ मध्ये रेपो दर ४ टक्केच होता. पण स्वस्त कर्जाने गिऱ्हाईक परत येतेच असे नाही.

कर्जदारांसाठी याचा अर्थ काय होता?
२०२० मध्ये तुम्ही आपत्कालीन पतहमी योजनेतून कर्ज घेतले असेल, तर पहिले १२ महिने फक्त व्याज होते. २०२१ मध्ये मुद्दलाचे हप्तेही सुरू झाले. विक्री सावरली नसेल, तर हप्ता थकण्याची वाट पाहू नका. पात्र कर्जदारांना परतफेडीसाठी ४ ऐवजी ५ वर्षे मिळू शकत होती आणि पहिले २४ महिने फक्त व्याज भरावे लागत होते. कर्ज पुनर्रचनेची प्रक्रिया ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत सुरू व्हायला हवी होती.

लक्षात ठेवा: ही कर्जमाफी नव्हती. मुदत वाढली की एकूण व्याजही वाढते.