वाचता येत नाही, पण कोणत्या भाषेत? सीमाभागातल्या पहिली-दुसरीचा न विचारलेला प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळेत पहिलीत बसलेल्या मुलासमोर एकदम तीन लिप्या येतात. माध्यम मराठी म्हणून देवनागरी, २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यामुळे पहिलीपासून कन्नड, आणि जोडीला इंग्रजी. बहुतेक मुलं यातून निभावून नेतात. जी मागे पडतात त्यांचं खापर मात्र लगेच फुटतं: कुणी म्हणतं कन्नडच्या सक्तीमुळे, कुणी म्हणतं मराठी माध्यमामुळे. पालक मुलाला उचलून इंग्रजी शाळेत घालतात. मुलाची अडचण त्याच्यासोबत तिथेही जाते.

लिप्यांचा घोळ खोटा नाही. 'कि' म्हणताना आधी क आणि मग इ, पण देवनागरीत वेलांटी आधी दिसते. कन्नडमध्ये तीच खूण अक्षराच्या डोक्यावर बसते. 'अम्मा'तला जोड मराठीत शेजारी-शेजारी, कन्नडमध्ये दुसरा म खाली. सहा वर्षांचं पोर इथे अडखळलं तर त्यात नवल काय? म्हणूनच चाचणी दोन्ही भाषांत हवी. घरच्या भाषेत नीट वाचणारं मूल फक्त कन्नडमध्ये अडत असेल तर त्याला सराव हवा. दोन्हीकडे ध्वनी आणि अक्षराची सांगडच बसत नसेल, तर डिस्लेक्सियाची शंका घ्यायला जागा आहे.

अशी सोय कागदावर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही तपासणी २०१५ मध्ये आली ती हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कन्नड या भाषांत. म्हणजे सीमाभागाला लागणाऱ्या तिन्ही भाषा त्यात आहेत. पहिली-दुसरीसाठी शिक्षकांनीच भरायची प्राथमिक चाळणीही आहे. ती शाळेपर्यंत पोचायला हवी.

कायद्याने २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २१ दिव्यांगत्वांच्या यादीत घेतली. प्रमाणपत्र मात्र साधारण ८ वर्षांनंतर, म्हणजे तिसरीच्या सुमाराला. प्रमाणपत्रासाठी इतकं थांबणं समजण्यासारखं आहे, कारण लहान वयात शिक्का मारायची घाई बरी नाही. पण मदतीला प्रमाणपत्र कशाला? खरी गफलत इथे होते. 'निपुण भारत' मोहिमेने तिसरीपर्यंत वाचता आलं पाहिजे असं २०२६-२७ चं लक्ष्य ठेवलंय, आणि चाचणीची वाट बघत पहिल्या दोन इयत्ता तशाच निघून जातात. 'असर' २०२४ नुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची जेमतेम २३.४ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. या गर्दीत डिस्लेक्सिया असलेलं मूल वेगळं दिसणार तरी कसं?

शिक्षकांचं गणित तर त्याहून अवघड. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं. प्राथमिकला दर १० विशेष मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला १५ मागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना पदं जाहीर करून भरायला सांगावं लागलं. तोवर एकाच शिक्षकाने आसपासच्या शाळा फिरून सांभाळायच्या. कर्नाटकात हे काम तालुका पातळीवरच्या साधन शिक्षकांकडे आहे. मराठी शाळेत येणारा असा शिक्षक मराठी जाणणारा नसेल, तर मुलाची चूक भाषेची की वाचनाची हे त्याला कळणं कठीण. पदं भरताना ही अट घालायची मागणी शाळा सुधारणा समित्यांनी आत्ताच लावून धरायला हवी; एकदा यादी निघाली की पुढची भरती कधी, हे कुणी सांगत नाही.

तोवर वर्गातल्या बाईंना करता येण्यासारखं बरंच आहे. रोज १५-२० मिनिटं, चार-पाच मुलांचा गट, आधी शब्द कानाने तोडणं ('कमळ'मधला क काढला तर काय उरतं?), मग अक्षर, मग जोडाक्षर. देवनागरी हाताला बसेपर्यंत कन्नड तोंडी, गाण्या-गोष्टींतून. याला वेगळा निधी लागत नाही, पण वेळापत्रकात तासिका लागते, आणि ती मुख्याध्यापकांच्या हातात आहे.