‘जागरूक आई’ ही पदवी परत घ्या

क्रांती चौकाजवळच्या माझ्या छोट्या ऑफिसात मी गेली अकरा वर्षं जनसंपर्क सल्लागार म्हणून काम करते. कारखान्यांची, संस्थांची माहितीपत्रकं लिहिते, त्यांचं म्हणणं लोकांपर्यंत सोप्या भाषेत कसं पोचवावं हे सांगते आणि त्याचे पैसे घेते. माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ऍलर्जी आहे. त्यामुळे शाळा, शिकवणी, नातेवाईक, हॉटेलवाले यांच्यासाठी हेच काम मी फुकट करते. दोन्हीकडे काम एकच. एकाला व्यवसाय म्हणतात, दुसऱ्याला ममता.

“दोन्ही कसं सांभाळता हो?” हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मुलाच्या वडिलांना तो आजवर कुणीही विचारलेला नाही. आणि मग ‘किती जागरूक आई’ म्हणून माझी पाठ थोपटली जाते. मैत्रिणींनो, ही शाबासकी नीट तपासून पाहा. आईला एकदा जागरूक म्हटलं की बाकी सगळ्यांना झोपायची मुभा मिळते.

आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं? साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, कोशिंबीर, चटणी, उपासाची आमटी, शाळेत वाटली जाणारी चिक्की. ज्या मुलाला दाण्याचा एक कणही जिवावर बेतू शकतो, त्याच्यासाठी रोज कुणीतरी विचारत राहावं लागतं. दर जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांना पहिल्यापासून सांगावं लागतं. वाढदिवस, सहल, गणपतीचा प्रसाद, प्रत्येक वेळी आधी फोन करावा लागतो. हे विचारणं कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला 289 मिनिटं बिनपगारी घरकामात गेलेली दिसतात, पुरुषांची 88. पोळी लाटताना डोक्यात चाललेली ‘उद्या डब्याच्या सुट्टीत त्याच्या शेजारी कोण बसेल’ ही काळजी कुठल्या रकान्यात लिहायची?

कुणी म्हणेल, कायदा आहे ना! आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनी पाकिटावर गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन वगैरेंची नोंद सक्तीची केली. पण हा कायदा कुणासाठी लिहिलाय ते बघा. एक, मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरे. मराठी ऐच्छिक. जी बाई पाकीट विकत घेते, फोडते आणि वाढते, तिच्या भाषेत धोका सांगण्याची सक्ती नाही. दोन, हॉटेलच्या मेनूकार्डावर ही माहिती देण्याचं बंधन आहे ते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना. कोपऱ्यावरचा पोह्यांचा गाडा, मेस, सुटा चिवडा विकणारं दुकान यातून बाहेर. आणि आपण खातो ते बहुतेक तिथलंच. तीन, या यादीत तीळ नाही. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या यादीत तीळ आहे. संक्रांतीला घराघरांत तिळगूळ वाटणाऱ्या देशाच्या यादीत तो नाही.

ब्रिटनमध्ये नताशा एदनान-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी 2016 मध्ये विमानतळावरच्या दुकानातलं सँडविच खाऊन मरण पावली. त्याच्या पावात तीळ होते, पण वेष्टणावर तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिचे आई आणि वडील, दोघंही लढले. ऑक्टोबर 2021 पासून तिथे दुकानातच बनवून बांधलेल्या पदार्थांवरही सगळे घटक छापणं बंधनकारक झालं. त्या आईबापांना कुणी ‘जास्त जपून वागा’ म्हणून घरी पाठवू शकलं नाही, कारण त्यांनी प्रश्न घरात ठेवलाच नाही. जे व्यक्तिगत ते राजकीय, असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो ते हेच.

आता आक्षेप. ‘अशी मुलं असतात तरी किती?’ थोडी. बंगळूर आणि म्हैसूरच्या शाळकरी मुलांच्या पाहणीत, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हे प्रमाण 0.14 टक्के निघालं. म्हणजे दहा हजारांत चौदा. पण थोडी आहेत म्हणूनच त्यांची व्यवस्था करणं स्वस्त आहे. जीव वाचवणारं ऍड्रेनलिन हे औषध महाग नाही, अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं आहे. प्रश्न असतो तो पहिल्या काही मिनिटांत ते मांडीत टोचणारा माणूस जवळ असण्याचा.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागतो. ‘लहानपणी दाणे दिले असते तर असं झालं नसतं.’ लंडनमधला 2015 चा अभ्यास सांगतो की जास्त धोका असलेल्या तान्ह्या मुलांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ देत राहिलं तर ऍलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी टळते. चांगलंच झालं. पण त्याआधी, 2000 साली, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला नेमका उलटा होता: अशा मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका. तो 2008 मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे तेव्हा दाणे देणारी आई निष्काळजी आणि आज न देणारी आई निष्काळजी. सल्ला बदलला, आरोपी तीच राहिली.

तिसरा आक्षेप आपल्याच वर्तुळातला. ‘हा शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या बायकांचा प्रश्न आहे.’ माझ्याकडे इंग्रजी आहे, दुचाकी आहे, कामाची वेळ बदलून घेण्याची सोय आहे. तरी दर महिन्याला एखादं काम हातचं जातंच. मग जिच्याकडे यातलं काहीच नाही, जी खाडा झाला की मजुरी बुडवते, तिचं काय? तिच्या मुलाचे ओठ सुजले, श्वास अडकला तर त्याला नजर लागली म्हणतील किंवा तिच्या हाताला दोष देतील. प्रश्न तिचा आधी आहे. माझा आवाज मोठा आहे एवढंच. आणि शाळेत काही बरंवाईट झालं तर खापर फुटेल तुटपुंज्या मानधनावर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंवर, म्हणजे पुन्हा एका बाईवरच. ते आपल्याला मान्य नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट करू या. पाकिटावरची ऍलर्जीची सूचना राज्याच्या भाषेत सक्तीची करा. यादीत तीळ घाला. प्रत्येक शाळेत आठवड्याच्या आहारातले घटक फळ्यावर मराठीत लिहा. स्वयंपाकी-मदतनीस ताईंना याचं प्रशिक्षण द्या आणि त्या दिवसांचा वेगळा मोबदला द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ऍड्रेनलिन आणि ते टोचता येणारा माणूस शाळेच्या वेळेत हजर ठेवा. शाळेच्या नोंदीत तातडीचा फोन म्हणून बापाचा नंबर पहिला लिहा, आणि तो वाजला की त्यानेच काम सोडून जावं.

काळा चबुतरा म्हणून ओळखल्या गेलेल्या या चौकातून विभागीय आयुक्तालयावर आजवर कितीतरी मोर्चे गेले. पाण्यासाठी गेले, आरक्षणासाठी गेले, बाईवरच्या अत्याचाराविरुद्ध गेले. मुलाच्या ताटात काय वाढलंय हे आपल्या भाषेत कळण्याचा हक्क त्याहून लहान नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी या मागण्यांचं निवेदन द्यायचं आहे. प्रत्येक गटाने आपापल्या भागातल्या दोन शाळांच्या स्वयंपाकघरात जाऊन, तिथल्या ताईंशी बोलून माहिती आणावी. कागद मी लिहीन. सह्या मात्र बापांच्याही घ्या.