बिनतारी संदेश कोणासाठी?

पोलिसांची बिनतारी बोली सामान्य नागरिकास गूढ वाटते, आणि हे गूढ म्हणजेच सुरक्षितता असा समज पुष्कळांच्या मनात दृढ झालेला असतो. अमेरिकेतील 'दहाच्या संकेतां'चा इतिहास या समजास मुळीच आधार देत नाही. इलिनॉय राज्य पोलिसांच्या संदेशविभागातील चार्ल्स हॉपर यांनी १९३७ च्या सुमारास हे संकेत रचले, ते चोरट्यांपासून काही लपवावे म्हणून नव्हे. त्या काळच्या यंत्राची कळ दाबल्यावर ते पुरते चालू होण्यास क्षणभर लागे आणि बोलणाऱ्याचा पहिला शब्द वाऱ्यावर जाई. तेव्हा आरंभीचा 'दहा' खुशाल वाया जाऊ द्यावा आणि खरा अर्थ पुढच्या अंकात ठेवावा, अशी ही साधी युक्ती होती. 'दहा-चार' म्हणजे संदेश पोहोचला.

यंत्रे सुधारली, दहा मात्र राहिले. शिवाय ठिकठिकाणच्या दलांनी आपापल्या याद्या केल्या. 'दहा-तेरा' म्हणजे रूढ यादीप्रमाणे हवामानाची व रस्त्यांची विचारपूस. न्यूयॉर्कच्या पोलिसांत त्याचाच अर्थ सहकारी संकटात आहे, धावून या! शेजारच्या दलातून मदतीस आलेल्या शिपायाने हा संदेश ऐकून आकाशाकडे पाहावे की पिस्तुलाला हात घालावा? २००५ च्या कतरिना वादळात अनेक दलांना एकत्र काम करावे लागले, तेव्हा परस्परांशी बोलणेच दुरापास्त झाले. २००६ पासून तेथील केंद्र सरकारने आपल्या अनुदानास अट घातली, की जेथे अनेक दले एकत्र येतील तेथे साध्या भाषेतच बोलावे.

गुप्ततेचे काय, असे कोणी विचारील. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविणारे दलालसुद्धा जाणतात, की खूण दोघांनाच ठाऊक असेल तोवरच ती गुप्त. दहाच्या संकेतांच्या याद्या तर केव्हाच जगजाहीर झाल्या आहेत. आज संदेश गुप्त राखण्याचे काम यंत्रातील कूटलेखन करते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून ते स्वीकारण्यास आरंभ केला. यंत्राने कुलूप लावावे, माणसाने उघड शब्दांत बोलावे, ही विभागणी आम्हांस योग्य वाटते.

मात्र हे कुलूप जनतेलाही कायमचे बाहेर ठेवणारे नसावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले. त्या रात्री काय घडले हे जाणण्यासाठी श्रीमती विनीता कामटे यांना माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊन नियंत्रणकक्षाच्या नोंदी मिळवाव्या लागल्या, आणि त्यांतून उठलेले प्रश्न त्यांनी २००९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. साहाय्य कोणी मागितले, कोठे मागितले, हे त्या नोंदींवरून एका वीरपत्नीला पडताळता आले. अंकांच्या जंजाळात वा नष्ट केलेल्या ध्वनिमुद्रणात ते कसे साधले असते?

म्हणून गृहखात्याकडे आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका व रेल्वे पोलीस यांच्या एकत्रित सरावात साध्या मराठीतील संदेशांचाच वापर व्हावा. आणि बिनतारी संभाषणाची नोंद किती काळ जपली जाते व ती कोणाच्या आज्ञेने नष्ट होते, हे खात्याने जाहीर करावे.